वझेबाईंचा चकवा

डोंबिवली पूर्वेला प्रमोदिनी वझे यांच्या घरी तुम्ही पाहुणे म्हणून गेलात आणि त्यांनी तुमच्यापुढे सरबताचा पेला ठेवला, तर लगेच तोंडाला लावू नका. आधी अण्णांकडे बघा. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, विमा कंपनीतून रिटायर झालेला सज्जन माणूस. अण्णांनी मान हलवली तर खुशाल प्या. अण्णा छताकडे बघायला लागले, तर समजायचं की तुमची परीक्षा सुरू झालेली आहे.

वझेबाई शाळेत सायन्स शिकवतात आणि केमिस्ट्री म्हटलं की त्यांच्या अंगातच येतं. त्यांची मुलगी आसावरी हिच्या लग्नाचं बोलणं चाललेलं तेव्हाची गोष्ट घ्या. मुलाकडची मंडळी पहिल्यांदाच घरी आलेली. बाईंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. मुलाच्या पेल्यात मात्र त्याच्या डोळ्यांदेखत चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि ढवळला. लालचुटुक सरबत फसफसलं, निवलं आणि शेवाळ्यासारखं हिरवट काळं झालं. विहीणबाईंनी आपला पेला गपचूप टीपॉयवर ठेवला. "रंग का बदलला?" बाईंनी विचारलं. मुलगा बिचारा गडबडला, पण म्हणाला, "कोकम आंबट आहे, म्हणजे आम्ल. सोडा आम्लारी. त्याने आम्ल मारलं, म्हणून रंग पलटला." बाई तिथल्या तिथे उठल्या. "आसावरी, मुलगा पसंत आहे!" आतून आसावरी ओरडली, "अगं आई, निदान मला विचार तरी!" लग्न झालं, संसार छान चाललाय. पण जावई अजूनही सासुरवाडीला येताना पाण्याची बाटली स्वतःची घेऊन येतो.

आता घरी ही तऱ्हा, तर शाळेत काय असेल? शाळेत त्यांच्या परीक्षेला पोरांनी नाव ठेवलेलं, चकवा. बाईंचा ठाम विश्वास होता की पाठ केलेलं उत्तर म्हणजे उत्तरच नव्हे. ते ओकता येतं, पचत नाही. म्हणून त्या सरळ प्रश्न कधी विचारायच्याच नाहीत. दोन परीक्षानळ्या आणायच्या, समोर धरायच्या आणि म्हणायचं, "यातलं आम्ल कुठलं? बघा हं!" पोरं लिटमस बुडवून बुडवून थकायची. लाल लाल राहायचा, निळा निळा राहायचा. अर्ध्या तासाने कोणीतरी रडकुंडीला येऊन म्हणायचं, "बाई, दोन्हीत पाणीच आहे ना?" की बाई टाळ्या वाजवायच्या. "शाब्बास! मग इतका वेळ बोलला का नाहीस रे?"

"बघा हं" हे त्यांचं ठरलेलं. ते म्हणताना त्यांची डावी भुवई अशी काही वर जायची की नवीन आलेल्या मुलाला वाटायचं, बाईंना झटका आला. जुन्यांना माहीत, चकवा आला. चकव्यात फसलं म्हणून बाई मार्क कापायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. उलट फसणाऱ्याबरोबर खो खो हसायच्या आणि मग विचारायच्या, "आता सांग, का फसलास?" तिथे मात्र सुटका नाही. का ते सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही.

त्यांच्या नववी ब मध्ये ऋतिका म्हात्रे म्हणून मुलगी आहे, खाडीकाठच्या गावातली. गाव कसलं, आता सगळे टॉवर उभे राहिलेत, पण हळद मात्र अजून सगळं गाव जेवेल अशीच होते. तिच्या काकाच्या हळदीला बाईंना आग्रहाचं बोलावणं होतं. बाई गेल्या, जेवल्या, आणि जाता जाता नवऱ्या मुलाच्या पिवळ्याधमक गालावर त्यांनी ओला साबण फिरवला. गाल लाल! डीजे बंद पडला. ऋतिकाची आजी बायजा धावत आली. "जल्ला तो साबन! आमचे पोराचा तोंड लाल कसा झाला गो बाय?" ऋतिकाने आजीला बाजूला घेऊन समजावलं की साबण आम्लारी असतो आणि हळद त्यात लाल होते, काकाला काही झालेलं नाही. आजीला कितपत पटलं देव जाणे. पण तिने त्याच दिवसापासून साबणाने कपडे धुणाऱ्या सुनांवर बारीक नजर ठेवली आणि बाईंना जाताना दोन डबे भरून जेवण बांधून दिलं.

असं सगळं मजेत चाललेलं असताना शाळेत एक पत्र आलं. ठाण्याला माजिवड्यात ऑफिस असलेली एक संस्था, नववीच्या मुलांना केमिस्ट्रीतलं खरंच किती समजतं ते तपासणार होती. तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर त्यावर खूण करायची. आसपासच्या बऱ्याच शाळा भाग घेणार होत्या.

मुख्याध्यापक महिपत भोईर सरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. सर खडवलीचे, इतिहास शिकवायचे, आणि शाळेच्या चेअरमनला जितके घाबरायचे तितके कुठल्या बादशहालाही घाबरले नसते. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "बाई, स्पष्टच बोलतो. चेअरमनसाहेबांचं म्हणणं पडलं, की नवीन केदार सर आलेत, स्मार्टबोर्डवर शिकवतात, मुलांना आवडतं. तर नववी-दहावी जूनपासून त्यांच्याकडे द्यावी. तुम्ही पाचवी-सहावी घ्या. मी म्हटलं, ही चाचणी होऊ द्या. बाईंच्या वर्गाने चांगलं केलं तर विषय संपला."

"आणि नाही केलं तर?"

"तर पाचवीत बीट, गाजर, अन्नाचे घटक. तेही छानच असतं हो."

पाचवीची पोरं गोड असतात, पण त्यांच्यापुढे ऍसिडची बाटली काढता येत नाही आणि 'का' विचारलं तर ती 'आई' म्हणून रडतात. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. ती दोन वर्षं नववी-दहावीशिवाय काढायची? घरी येऊन त्यांनी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "एवढंच ना? तुझी पोरं हुशार आहेत. तू फक्त मध्ये बोलू नकोस." इतका शहाणा सल्ला अण्णांनी लग्नानंतर पहिल्यांदाच दिलेला, आणि तो बाईंनी ऐकला नाही.

चाचणीच्या दिवशी वर्गावर केदार सर होते. नियमच होता, विषय शिक्षकाने तिकडे फिरकायचं नाही. बाईंनी स्टाफरूममध्ये वह्या तपासायला घेतल्या, चहा घेतला, दुसरा घेतला, खिडकी उघडली, लावली. शेवटी राहवेना. जिन्याने वर गेल्या, नववी ब च्या खिडकीतून डोकं आत घातलं आणि मायेने, अगदी आतड्याने, म्हणाल्या, "पोरांनो, बघा हं!"

झालं. भुवईही वर गेली. केदार सरांनी "बाई, प्लीज!" म्हणून हात जोडले आणि बाई खाली आल्या. आपण काय करून ठेवलं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

पेपर सुटला तशी सगळी नववी ब जिन्यावरून उड्या मारत आली. सगळ्यात पुढे ऋतिका आणि तिचा भिडू नयन, डोळे नुसते चमकत होते.

"बाई, एकातही नाही फसलो!" नयन धापा टाकत म्हणाला.

"कशात नाही फसलात?"

"चकव्यात! काय बाई, पहिलाच प्रश्न, पाण्याचं रासायनिक सूत्र काय. आणि खाली चक्क एच टू ओ दिलेलं! आम्हाला काय येडा समजलेत? आम्ही तिथे गेलोच नाही."

"मग कुठे गेलात?" बाईंचा आवाज बारीक झाला.

"दुसरीकडे," ऋतिका म्हणाली. "जे उत्तर पटकन बरोबर वाटलं ना बाई, ते पहिलं सोडून दिलं. मग उरलेल्यात डोकं लावलं. मिठाचं साधं सूत्र विचारलेलं, तेपण सोडलं. लिटमस आम्लात लाल होतो, म्हणे! इतकं सोपं कोण विचारतं?"

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी! तुम्ही खिडकीतून सांगितलंत ना, बघा हं म्हणून. आम्ही आधी दोन-तीन उत्तरं लिहिलेली, ती पण खोडली."

बाई मटकन जिन्यावर बसल्या. पोरं त्यांच्या भोवती उभी राहून शाबासकीची वाट बघत होती, आणि इतकी खूश होती की बाईंना खरं सांगवेना. त्यांनी एकेकाच्या पाठीवर हात फिरवला. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र त्यांना रडू कोसळलं. अण्णांनी पाणी आणून दिलं. बाईंनी ते न बघताच पिऊन टाकलं, त्यावरूनच अण्णांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

निकाल आला तो भोईर सरांनी दोन बोटांत धरून आणला, जसं काही त्याला वास येत होता. नववी ब सगळ्या शाळांत शेवटची. शेवटून दुसऱ्या शाळेच्या आणि तिच्या मध्येही एवढं अंतर, की मध्ये अख्खी आंबिवली वसवता आली असती. तीसपैकी शून्य, एक, एक, दोन, शून्य. सर म्हणाले, "बाई, मी तरी काय करू? जूनचं टाइमटेबल बनवायला घेतो."

बाईंनी मान डोलावली. आपणच आपल्या हाताने घर पेटवलं, हे त्यांना कळत होतं. पोरांना शंका घ्यायला शिकवलं, विश्वास ठेवायला शिकवलंच नाही. त्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसत बसल्या. केदार सर येऊन म्हणाले, "बाई, मला खरंच नको होतं हो असं." मुलगा चांगला होता. त्याच्यावर रागावताही येईना, ते आणखी वाईट.

आणि मग माजिवड्याहून क्षिप्रा आली.

क्षिप्रा त्या संस्थेत काम करायची, वय असेल पंचविशीचं, पाठीवर बॅग, हातात हेल्मेट. तिने केबिनमध्ये पाय टाकल्या टाकल्या विचारलं, "सर, नववी ब ला कोण शिकवतं?" भोईर सरांनी बाईंकडे असं बोट दाखवलं, जसं पंचनाम्यात दाखवतात.

"मॅम, मला तुमचा वर्ग बघायचाय. असा निकाल मी कधी पाहिलेला नाही."

"आम्हीसुद्धा," सर म्हणाले.

"नाही सर, तुमच्या लक्षात येत नाहीये. चार पर्याय आहेत. पोरांनी डोळे मिटून खुणा ठोकल्या असत्या तरी सात-आठ बरोबर आली असती. इतकं सगळं चुकवायचं तर बरोबर काय आहे ते आधी माहीत पाहिजे! या मुलांनी प्रत्येक प्रश्नात बरोबर उत्तर शोधून काढून टाळलंय. मला जाणून घ्यायचंय, का?"

भोईर सरांनी निकालाचा कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे माझी मुलं हुशार आहेत, पण नापास आहेत." "तेच तर तपासायचं," क्षिप्रा म्हणाली. "मी तोंडी घेते. आत्ता." बाईंना वाटलं, बुडत्याला आधार मिळाला. पोरांच्या तोंडून एकदा बरोबर उत्तरं निघू देत, बाकी काही नको.

सगळा वर्ग प्रयोगशाळेत गोळा केला. भोईर सर खुर्ची घेऊन बसले. बाईंनी घसा खाकरला. "मुलांनो, या क्षिप्रा मॅडम. त्या सोपे प्रश्न विचारतील. आज चकवा नाही."

वर्गभर एक मंद हसू पसरलं. नयनने तर बाईंना डोळाच मारला.

"पाण्याचं रासायनिक सूत्र सांगा," क्षिप्राने सुरुवात केली.

"कुठलं पाणी, मॅडम?" ऋतिका.

"साधं पाणी."

"साधं म्हणजे नळाचं? त्यात क्लोरिन असतं."

"शुद्ध पाणी."

"शुद्ध आहे हे कोणी तपासलं?" मागून आवाज.

क्षिप्राने स्वतःच्या बॅगेतली बाटली काढून वर धरली. "हे. हे पाणी आहे."

"कशावरून?" नयन म्हणाला. क्षिप्राला आता तहान लागलेली. तिने बाटलीचं झाकण उघडलं तशी अख्खी नववी ब किंचाळली, "पिऊ नका! प्रयोगशाळेत काही प्यायचं नसतं!" क्षिप्राने बाटली खाली ठेवली. भोईर सरांनी कपाळाला हात लावला.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, खरंच सांगतेय मी! आज फसवणार नाहीये रे कोणी. शप्पथ! माझ्या गळ्याची शप्पथ!"

वर्ग एकदम गंभीर झाला. "बाईंनी शप्पथ घेतली," ऋतिका शेजारणीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "म्हणजे लय मोठा असणार."

बाई रडायच्या बेतात आल्या. त्यांनी भुवई सरळ ठेवायचा इतका प्रयत्न केला की दोन्ही भुवया वर गेल्या, आणि पोरांनी तेही टिपलं. दुहेरी चकवा! क्षिप्रा मात्र प्रश्न सोडून पोरांच्या डोळ्यांकडे बघत होती. एकही पोरगं तिच्याकडे बघत नव्हतं. सगळी बाईंच्या कपाळाकडे.

"मॅम," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबाल का?"

नोकरीभर बाईंनी किती पोरांना वर्गाबाहेर काढलं असेल त्याची गणती नाही. त्यांना स्वतःला मात्र आजवर कोणी काढलेलं नव्हतं. त्या पदर सावरून बाहेर आल्या, दार लोटलं आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिथे आठवीतली एक मुलगी आधीच उभी होती, बडबड केली म्हणून. तिने बाईंना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बाई, तुम्हालापण?"

"हो गं."

"काय केलंत?"

"बडबड," बाई म्हणाल्या. मुलगी समजुतीने थोडी सरकली आणि तिने बाईंना सावलीत जागा करून दिली.

आतून क्षिप्राचा आवाज आला. तोच प्रश्न, पाण्याचं सूत्र. मग कोणीतरी म्हणालं, "एच टू ओ." दारामागे बाईंनी डोळे मिटले. पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. लिटमस, मीठ, चुना, एकामागून एक, सरळ, झटपट, जशी वाण्याकडची यादी. आठवीतल्या मुलीने पाहिलं की बाईंचे ओठ प्रत्येक उत्तराबरोबर हलत होते.

मग क्षिप्राने प्रश्न बदलले. "लोखंडी खिळ्याला गंज चढला. वजन वाढेल की कमी होईल?"

"वाढेल," नयन म्हणाला.

"का?"

"हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटला ना त्याला. पाणीपण. बाहेरून कोणी येऊन बसलं तर वजन वाढणारच. खिळा काय डायेट करतोय का?"

भोईर सर हसलेले बाईंना ऐकू आले. इतिहासाचा माणूस केमिस्ट्रीला हसला!

"मीठ पाण्यात विरघळलं. दिसत नाही. मग ते गेलं कुठे? संपलं?"

यावर कोणीच बोलेना. हे बाईंनी शिकवलेलं होतं, पण असं नव्हतं विचारलेलं. सांगा रे, सांगा. त्यांनी दाराच्या मुठीला हात लावला. आठवीतली मुलगी पटकन म्हणाली, "बाई, आत नाही जायचं, अजून शिक्षा वाढते." बाईंनी हात मागे घेतला.

"संपलं कसं?" ऋतिकाचा आवाज होता, सावकाश, विचार करत बोलणारा. "आमच्या पणजोबांची मिठागरं होती. खाडीचं पाणी घ्यायचे, त्यात मीठ दिसायचं नाही. ऊन पडलं की पाणी उडायचं आणि मीठ खाली राहायचं. संपलं असतं तर आमचं घर चाललं कशावर? ते पाण्यातच असतं मॅडम, फक्त इतकं बारीक वाटलं गेलेलं असतं की डोळ्याला सापडत नाही."

बाईंचे डोळे भरून आले. हे उत्तर त्यांनी सांगितलेलं नव्हतं, पुस्तकात नव्हतं, कुठेच नव्हतं. पोरीने ते आपल्या डोक्याने काढलेलं. अभिमानाने त्यांची छाती भरून आली, आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचलं, अगदी खरं टोचलं. आपण खोलीत असतो तर हे उत्तर आलंच नसतं.

दार उघडलं. भोईर सर बाहेर आले, चष्मा पुसत. "बाई, नववी-दहावी तुमच्याकडेच. चेअरमनसाहेबांना मी सांगतो. मी!" स्वतःच्या हिमतीवर त्यांचाच विश्वास बसेना. "पण एक अट. बाहेरची परीक्षा असली की तुम्ही रजा टाकायची. घरी बसायचं. खिडकीतून डोकं घालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिलाच तास नववी ब चा होता. बाई वर्गात आल्या, हजेरी घेतली आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. टेबलावर ना परीक्षानळी, ना बाटली. पोरं सावरून बसली.

"ऋतिका," बाई म्हणाल्या, "साखर पाण्यात विरघळते का?"

ऋतिका उभी राहिली. तिने बाईंच्या कपाळाकडे बघितलं. मग खिडकीकडे, मग नयनकडे. "हो," ती शेवटी म्हणाली.

"बरोबर. बस."

ऋतिका बसली नाही. कोणी हललं नाही. अख्खा वर्ग पुढे झुकून वाट बघत होता.

"बाई... पण?"

"पण काही नाही," बाई म्हणाल्या. हे तीन शब्द उच्चारताना त्यांना दरदरून घाम फुटला. "विरघळते. तुला येतं. मला माहीत आहे तुला येतं ते."

ऋतिका तरी आणखी थोडा वेळ उभीच राहिली आणि मग हसत हसत खाली बसली.